भवानी पेठेतली सहरी

गेल्या रमजानातली गोष्ट. अकरावा रोजा होता. शाळेतून येऊन मी घटक चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. तेवढ्यात पुण्याहून फोन आला. माझा मुलगा तिथे फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फोन मात्र त्याचा नव्हता, खोलीतल्या लातूरच्या मुलाचा होता. "अंकल, घाबरू नका. त्याला पहाटेपासून उलट्या-जुलाब होत होते. दवाखान्यात सलाईन लावलं. आता बरा आहे." घाबरू नका म्हटलं की आई-बाप आधी घाबरतात. त्याची अम्मी तर लगेच पिशवी भरायला उठली. पण घरी माझी वृद्ध आई आणि दहावीच्या परीक्षेला बसलेली मुलगी. शेवटी मी एकट्याने जायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हसळ्याहून पुण्याची एसटी धरली. माणगाव सोडून गाडी निजामपूरच्या रस्त्याला लागली आणि पुढे ताम्हिणी घाट सुरू झाला. पावसाळ्यात हा घाट पाहायला लोक लांबून येतात. मार्चमध्ये डोंगर पिवळे पडलेले असतात, मधूनच एखादा पळस पेटलेला दिसतो. मुळशीचं पाणी खिडकीतून बराच वेळ सोबत करतं, मग पौड, पिरंगुट, आणि चांदणी चौकात पुणे एकदम अंगावर येतं. बावीस वर्षांपूर्वी बी.एड. करायला मी याच रस्त्याने आलो होतो. तेव्हा माझ्या अब्बांनी मला पैसे कसे जपायचे, नमाज कुठे पडायची, कोणाच्या संगतीत राहायचं हे सगळं समजावलं होतं. जेवायचं काय, हे कोणीच सांगितलं नव्हतं. मुलाला पाठवताना मीही तेच केलं, हे त्या प्रवासात प्रथमच माझ्या लक्षात आलं.

स्वारगेटला उतरून रिक्षा केली. सेव्हन लव्हज चौक, मग डावीकडे वळून भवानी पेठ. पुण्याच्या या भागात लाकडाच्या वखारी, भंगाराची दुकानं, बेकऱ्या आणि मशिदी एकमेकांना खेटून उभ्या आहेत. कॅम्प जवळ असल्यामुळे कॉलेजची बरीच मुलं इकडे खोल्या घेतात. मराठवाड्यातली, कोकणातली, खानदेशातली. भाडं चार जणांत वाटलं की परवडतं. माझ्या मुलाची खोली दुसऱ्या मजल्यावर, पत्र्याखाली. जिन्यातच उकाडा जाणवला.

मुलगा चटईवर पडून होता. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. मला पाहून उठून बसला आणि पहिलं वाक्य काय बोलला? "अब्बा, दोन रोजे सुटले." मी म्हटलं, "बेटा, आजाऱ्याला सूट अल्लाहनेच दिली आहे. बरा हो, नंतर पूर्ण कर. आता पाणी पी."

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी काय खाल्लं होतं ते सगळं विचारलं. आदल्या दिवशी इफ्तारला खजूर, कलिंगड आणि भजी होती, ती चौघांनी खाल्ली होती. सहरीला मात्र दोघांनीच नूडल्सचं आम्लेट खाल्लं होतं, आणि आजारीही तेच दोघे पडले. माझ्या मुलाला जास्त त्रास झाला, दुसऱ्याला कमी. डॉक्टर म्हणाले, "तपासणीशिवाय ठाम सांगता येणार नाही, पण माझा संशय अंड्यावर आहे. या दिवसांत असे पेशंट येतातच."

संध्याकाळी इफ्तारनंतर मी चौघांना समोर बसवलं. ओरडायला नाही, समजून घ्यायला. "हे आम्लेट करता कसं, ते सांगा."

त्यांचा हिशोब असा. नूडल्सचा पुडा पंधरा रुपयांच्या आत. अंडं सात रुपयांच्या आसपास. एक पुडा आणि दोन अंडी म्हणजे तीस रुपयांत एका माणसाचं पोट भरतं. खानावळीत तेवढ्यात अर्धी थाळी येत नाही, आणि सहरीच्या वेळी खानावळ उघडी नसते. मोमीनपुरा किंवा कौसरबागेत रमजानच्या रात्री खायला काय नसतं? पण रोज तिथे जाणं खिशाला झेपत नाही. म्हणून इंडक्शनची शेगडी, एक पॅन, एक पातेलं आणि प्लास्टिकचा मोठा मग, एवढ्या संसारावर त्यांची सहरी चाले.

झोप महत्त्वाची. तरावीह पडून यायला उशीर, मग अभ्यास. त्यामुळे परभणीच्या मुलाने एक युक्ती काढली होती. रात्री साडेदहालाच मगमध्ये अंडी फोडून, कांदा-मिरची घालून फेटून ठेवायची. पहाटे साडेचारला उठलं की नूडल्स उकळायच्या, त्यावर ते मिश्रण ओतायचं, खालून लाल झालं की दुमडून ताटात. दहा मिनिटांत काम. आतून थोडं ओलं राहिलं तर आणखी चांगलं, मऊ लागतं. फोनवरच्या व्हिडिओत परदेशातले आचारी असंच करतात, हेही त्यांनी मला दाखवलं.

फ्रिज? खोलीत फ्रिज नव्हता.

मी मास्तर. फळा नव्हता म्हणून वहीच्या मागच्या पानावर गणित मांडलं. साल्मोनेला नावाचा जंतू कोंबडीच्या पोटातून येतो. कधी तो अंड्याच्या कवचावर असतो, कधी कवच बनण्याआधीच आत शिरलेला असतो, त्यामुळे स्वच्छ दिसणाऱ्या अंड्यातही सापडू शकतो. प्रत्येक अंड्यात असतो असं मुळीच नाही. पण सहा अंडी एका मगमध्ये फोडली की एकाचा दोष सहांना लागतो. कवचात असताना अंड्याचा पांढरा भाग जंतूंना सहज वाढू देत नाही. फेटलं की ते संरक्षण जातं आणि पिवळ्या बलकाचं पोषण त्यांना मिळतं. उबदार जागा आणि खायला भरपूर मिळालं तर असे जंतू वीस मिनिटांत दुप्पट होऊ शकतात. साडेदहा ते साडेचार म्हणजे सहा तास. वीस-वीस मिनिटांचे 18 टप्पे. एकापासून सुरुवात करून 18 वेळा दुप्पट करत गेलं की आकडा येतो 2,62,144. मुलांनी मोबाइलवर पडताळून पाहिला आणि गप्प झाली.

माझा मुलगा हळूच म्हणाला, "अब्बा, हा जंतू आम्हाला अभ्यासाला आहे. परीक्षेत लिहिलं होतं." परीक्षेत लिहिलेलं मगपर्यंत पोहोचलं नव्हतं. यात दोष त्याचा एकट्याचा नाही. आम्ही मास्तर लोक शिकवतोच असं की धडा वहीत राहतो.

मग प्रश्न आला त्या व्हिडिओंचा. परदेशात लोक ओलसर अंडं खातात, मग आपण का नाही? प्रश्न रास्त होता. जपानमध्ये गरम भातावर कच्चं अंडं फोडून खाण्याची रीतच आहे. पण तिथे अंडी धुऊन, तपासून विकली जातात आणि त्यांच्यावरची तारीख कच्चं खाण्याच्या हिशोबाने छापलेली असते. ब्रिटनमध्ये 1988 साली तिथल्या आरोग्य खात्याच्या मंत्री एडविना करी यांनी देशातल्या बहुतेक अंड्यांच्या उत्पादनात साल्मोनेला शिरला आहे, असं जाहीर विधान केलं. अंड्यांची विक्री कोसळली आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढे तिथे कोंबड्यांना लस देण्याची आणि अंड्यांवर शिक्का मारण्याची पद्धत रुजली. 2017 साली तिथल्या अन्न सुरक्षा विभागाने त्या शिक्क्याची अंडी गरोदर बायकांनी अर्धवट शिजवून खाल्ली तरी चालतील, असा सल्ला बदलून दिला. म्हणजे त्या ओल्या आम्लेटमागे लस, शीतगृह आणि तपासणीची मोठी साखळी उभी आहे. व्हिडिओत दिसतो फक्त पॅन.

आपलं काय? गंमत म्हणजे पुणं हे देशाच्या अंडी व्यवसायातलं मोठं नाव. डॉ. बी. व्ही. राव यांनी 1971 साली व्यंकटेश्वरा हॅचरीज इथेच सुरू केली, आणि 1982 साली अंडी उत्पादकांची राष्ट्रीय समन्वय समिती उभी राहिली तीही त्यांच्याच पुढाकाराने. रोज अंडी खा म्हणणारी तिची जाहिरात आपल्या पिढीला पाठ आहे. अंडं स्वस्त झालं, गरिबाच्या ताटात आलं, हे मोठं काम झालं. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिनं मिळतात, सात रुपयांत दुसरं काय मिळतं? पण गल्लीतल्या दुकानात ते अंडं पोहोचतं तेव्हा बाहेर उन्हात ट्रे रचलेले असतात. सुट्या अंड्यावर बहुधा तारीख नसते. म्हणून आपल्याकडे शेवटची तपासणी आपल्या तव्यावरच होते.

आता कबुली द्यायची ती माझी. बी.एड.च्या दिवसांत कॅम्पातल्या इराणी हॉटेलात बनमस्का आणि हाफ फ्राय ही माझी चैन होती. वाहतं पिवळं पावाने पुसून खायचो. कधी काही झालं नाही, असं मी मुलांना सांगणार होतो आणि थांबलो. कधी झालं नाही, हा पुरावा नसतो. एकदा हातपाय न धुता जेवल्याने काही होत नाही, म्हणून कोणी ती सवय लावून घेत नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मी त्यांच्याबरोबर उठलो. आयुष्यात चहापलीकडे मी काही केलेलं नाही, हे आधीच सांगतो. मुलांनी मला शिकवलं आणि मी त्यांना. प्रथम मीच शेगडीसमोर बसलो. नूडल्स उकळून, पाणी काढून, अंड्यात घालून सगळा ढीग पॅनमध्ये ओतला. खालून वास सुटला, कड लाल झाली. मुलं म्हणाली, झालं. मी चमच्याने मधोमध कापलं. आत पिवळं पाणी. साध्या आम्लेटमध्ये अंडं पातळ पसरतं, ओलं राहिलेलं लगेच दिसतं. नूडल्सच्या जाळीत ते अडकून बसतं, थर बोटभर जाड होतो, आणि नूडल्स शिजलेल्या असल्यामुळे सगळंच शिजल्यासारखं वाटतं. तळ करपायला लागतो तरी पोट कच्चंच. त्यांची चूक कुठे होत होती ते तेव्हा आम्हा सर्वांना दिसलं.

मला शाळेच्या प्रयोगशाळेतला थर्मामीटर आठवला. पण काचेची ती नळी जेवणात घालणं म्हणजे एका धोक्यावर दुसरा. थर्मामीटरची गरजही नाही. अंडं स्वतःच सांगतं. पांढरा भाग साधारण 62 अंश सेल्सिअसच्या पुढे गोठायला लागतो, पिवळा 70 च्या आसपास घट्ट होतो, आणि अंड्याचे पदार्थ आतपर्यंत 71 अंशांना पोहोचले की साल्मोनेला मरतो. म्हणजे मधोमध कापल्यावर काही वाहत नसेल, चकाकणारा ओलावा नसेल, तर काम झालं.

यावर उपाय मला माझ्या आईने दिला, तीही फोनवर. सहरीला तीही जागीच होती. मी अडचण सांगितली तर हसली. "घावन कसं करते मी? पातळ घालते नि झाकण ठेवते. झाकणाशिवाय वरचं शिजेल कसं?" चाळीस-पन्नास वर्षं ती रोज जे करते, ते मी रोज खात आलो आणि कधी पाहिलं नाही.

त्या पहाटे ठरलेली रीत अशी:

एका पुड्याला दोन अंडी. नूडल्स उकळून पाणी पूर्ण काढायचं. मसाल्याची पुडी अर्धीच वापरायची, कारण तिच्यात मीठ बरंच असतं आणि खारट सहरीने दिवसभर तहान लागते. अंडी ऐन वेळी फोडायची, एक-एक करून वाटीत, म्हणजे खराब निघालं तर बाकीची वाचतात. कांदा, मिरची, कोथिंबीर रात्री चिरून ठेवली तर हरकत नाही. सगळं मिश्रण एकदम न ओतता दोन भाग करायचे आणि पॅनभर पातळ पसरायचे. आंच मंद, वर झाकण, तीन-चार मिनिटं. वरचा भाग घट्ट दिसला की उलटायचं आणि दुसरी बाजू दोन मिनिटं. मग मधोमध कापून पाहायचं. ओलं दिसलं तर पुन्हा झाकण. दोन घाणे मिळून पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे जुन्या पद्धतीपेक्षा पाच मिनिटं जास्त.

फेटलेलं अंडं रात्रभर बाहेर राहिलंच असेल तर ते टाकून द्यायचं. जास्त शिजवलं की चालेल असं समजू नये, कारण काही जंतू जे विष मागे सोडतात ते उष्णतेने जात नाही. अन्न टाकताना जीव तुटतो, पण दोन अंड्यांचे चौदा रुपये आणि एका सलाईनचं बिल, हा हिशोब मुलांनी आता स्वतः केला आहे.

दुपारी आम्ही कॅम्पात शिवाजी मार्केटकडे गेलो. इंग्रजांच्या काळातली ती दगडी इमारत मला पूर्वीपासून आवडते. तिथून झाकण घेतलं, स्टीलच्या दोन वाट्या घेतल्या. परत येताना पेठेतल्या दुकानातून सहाच अंडी. मुलं पूर्वी तीसचा ट्रे घेत, स्वस्त पडतो म्हणून. पत्र्याखालच्या खोलीत तीस अंडी म्हणजे आठवडाभर उबवणच. तडा गेलेलं अंडं घ्यायचं नाही, आणलेली अंडी शेगडी आणि खिडकीपासून दूर ठेवायची. आणल्या-आणल्या धुऊन ठेवायची नाहीत, कारण कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो धुऊन जातो आणि ओल्या कवचातून घाण आत जाऊ शकते. कवच हाताळल्यावर मात्र हात साबणाने धुवायचे, मगच खजूर उचलायचा. पाण्यात बुडवून अंडं तरंगतं का पाहण्याची युक्ती लातूरच्या मुलाला माहीत होती. ती चांगली आहे, पण त्यातून अंडं किती जुनं आहे एवढंच कळतं. जंतू आहे की नाही ते कळत नाही.

घरोघरच्या माता-भगिनींसाठी एवढं सांगतो की असा त्रास साधारणपणे सहा तासांपासून तीन दिवसांच्या आत सुरू होतो आणि बहुतेक माणसं चार ते सात दिवसांत बरी होतात. खरी गरज पाण्याची असते. ओआरएसची पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, मोजूनच. घोट घोट देत राहावं. शौचात रक्त, जोराचा ताप, लघवी कमी होणं, यांपैकी काही दिसलं तर घरी थांबू नये. लहान मूल, म्हातारं माणूस किंवा गरोदर बाई असेल तर पहिल्याच दिवशी डॉक्टर. या तिघांना वाहतं अंडं देऊच नये.

पुण्यात मी चार दिवस राहिलो. तिसऱ्या रात्री तरावीहनंतर मुलगा आणि मी मशिदीबाहेर चालत होतो. मी विचारलं, "महिन्याला पैसे पाठवतो, मग खानावळ का बंद केलीस?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "ताईच्या क्लासची फी होती ना अब्बा. तुम्ही अम्मीला सांगताना मी ऐकलं होतं." मी काहीच उत्तर दिलं नाही. रागावण्यासारखं काही नव्हतं आणि शाबासकी देण्यासारखंही नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "पुढच्या वेळी काटकसर करायची असेल तर मला विचारून कर. आणि झाकण ठेवून कर."

आपण मुलींना सासरी जायच्या आधी सगळा स्वयंपाक शिकवतो. मुलगे मात्र सतराव्या-अठराव्या वर्षीच पुणे, मुंबई, औरंगाबाद, आखातापर्यंत जातात आणि त्यांना अंडं उकडायला किती मिनिटं लागतात हेही ठाऊक नसतं. घरच्या कामात हातभार लावणं ही तर आपल्या प्यारे नबींची सुन्नत. ती बयानात ऐकतो आणि दस्तरखानावर जाऊन बसतो. मी स्वतः पंचेचाळीस वर्षं तसाच बसलो.

चौथ्या दिवशी पहाटे मुलगा उठला. ताकद आली होती, रोजा ठेवणार म्हणाला. डॉक्टरांना विचारलं होतं, त्यांची हरकत नव्हती. शेगडीसमोर तोच बसला. दोन वेगळे पातळ पोळे, झाकण, उलटणं. मग चमच्याने मधोमध कापून ताट माझ्याकडे सरकवलं. "पाहा अब्बा." मी पाहिलं. कोरडं, घट्ट, पिवळं. आम्ही पाचही जण त्याच ताटात जेवलो, आणि थोड्याच वेळात खाली गल्लीतून फजरची अजान आली.

ईदनंतर शाळा सुरू झाली. नववीच्या वर्गात मी विचारलं, "कोणाकोणाला अंड्याचा पोळा करता येतो?" मुलींचे सगळे हात वर. मुलांचे चार. पुढच्या शनिवारी शेगडी, पॅन आणि झाकण घेऊन या, असं मी त्या बाकीच्या मुलांना सांगितलं आहे. अंडी मी आणणार आहे.